बेचाळीस नंबरची डबी

सोमवार, २ फेब्रुवारी

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. एकोणीस वर्षं खडूची भुकटी खाल्ल्यावर आज अशा शाळेत पाऊल टाकलं जिथे एकही मूल नाही. जुनी शाळा बंद पडली तेव्हा सगळे माझी कीव करत होते आणि मी आतून खूश होते. मला मुलं आवडतात, मुलांमधून जे जे बाहेर येतं ते आवडत नाही. शेंबूड, थुंकी लावून उलटलेली पानं, दप्तराच्या तळाशी महिनाभर कुजलेलं केळं. इथे मुलं पडद्याच्या पलीकडे, मी अलीकडे. ताईला फोन करून कळवलं की मला स्वर्ग सापडला. तिचं म्हणणं पडलं की स्वर्गातही मी आधी खुर्ची पुसून मगच बसेन.

पुसलीच. तिसऱ्या मजल्यावर एका रांगेत बारा खोल्या आहेत, प्रत्येकीला काचेचं दार आणि भिंतींना आवाज गिळणारा काळा स्पंज. माझी सातवी. आधीच्या बाई अचानक सोडून गेल्या म्हणे. त्यांच्या हेडफोनच्या गादीत त्यांच्या कानातला पिवळा मळ तसाच होता आणि कळफलकाच्या फटीत नखाचे तुकडे. मी बोळा, स्पिरिट आणि दातकोरणं घेऊन पाऊण तास खपले. आमचे समन्वयक दारातून बघत होते. बोलताना शब्दाशब्दाला लोणी लावतात, म्हणून मी त्यांचं नाव लोणीसाहेब ठेवलंय. त्यांनी माझ्या टापटिपीचं तोंड भरून कौतुक केलं, पण बोळा काही उचलला नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काम समजलं. मी कॅमेऱ्यासमोर विज्ञानाचा धडा शिकवायचा, तो पंधरा दिवसांनी मुलांना दिसणार. मला मुलं दिसणार नाहीत, दिसतील त्यांच्या गृहपाठाचे फोटो आणि खाली त्यांनी लिहिलेली एखादी ओळ. त्यावर मी शेरा द्यायचा. शेराही मनाने लिहायचा नाही. पूर्वी कुणा शिक्षकाने एका पोराला काही लागेल असं लिहिलं, पालक भांडायला आले, तेव्हापासून लिहिण्याची चौकट बंद. आता चोवीस तयार शेरे आहेत, त्यांतला निवडून टिचकी मारायची. चोवीसच्या चोवीस गोडगोड. सगळ्यांना संध्याकाळच्या आत शेरा गेला नाही तर माझ्या दारावरचा हिरवा दिवा लाल होतो आणि येणारे-जाणारे वळून बघतात.

माझ्याकडे तीनशे बारा मुलं आहेत. नावं नाहीत, फक्त नंबर. लोणीसाहेबांनी समजावलं की गुप्ततेच्या दृष्टीने हेच बरं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहिला प्रयोग नेमका बुरशीचा निघाला. माझं नशीबच उकिरड्यावर लोळणारं! मुलांना एकेक पत्र्याची डबी पोस्टाने गेली आहे. तीत पावाचा ओला तुकडा ठेवायचा, रोज झाकण काढून फोटो पाठवायचा. फोटोत डबीच्या शेजारी घरातल्या मोठ्या माणसाचा अंगठा हवा. बुरशी किती वाढली ते त्याच्या मापाने कळतं, आणि घरी कुणीतरी लक्ष ठेवून आहे हेही सिद्ध होतं. अंगठा नसेल तर यंत्र फोटो घेतच नाही.

डब्या तळमजल्यावरचे खोकेवाले काका पाठवतात. साठीचे आहेत, जीभ सैल, पण इमारतीत माणसासारखं बोलणारे तेवढेच एक. मला बघून म्हणाले की आधीच्या बाईही अशाच हात धुऊन धुऊन बेजार असायच्या. का सोडून गेल्या विचारलं तर त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली आणि विषय बदलला. ती थुंकी लागलेली पट्टी त्यांनी तशीच खोक्यावर चिकटवली. मी मान फिरवली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज तीनशे बारा बुरश्या. पांढरी, हिरवी, काळे ठिपके असलेली, केस आलेली. एका डबीत पावाला पाणी सुटून वर साय आली होती आणि शेजारचा अंगठा त्या सायीत टेकलेला. मी सकाळचं खाल्लेलं खाली जाऊन टाकून आले. दुपारपर्यंत चाळीस फोटो झाले आणि पुढचा उघडवेना.

मग कोपऱ्यात एक बटण सापडलं. सगळे निवडा. आजच्या दिवसासाठी यंत्र स्वतःच एक शेरा सुचवतं, तो एका टिचकीत सगळ्यांना जातो. फोटो उघडायची गरज नाही. लोणीसाहेबांना विचारलं तर ते हसून म्हणाले की सगळे तेच करतात, बोलत कुणी नाही. आजचा शेरा: 'छान! डबी ओलसर, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेव.' टिचकी मारली, दिवा हिरवा, मी साडेचारला मोकळी. देव भलं करो त्या बटणाचं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

घरी पडदे लावले. खोलीला आता सामानाचा वास यायचा थांबला आणि साबणाचा येऊ लागला.

काम मजेत. सकाळी धडा बोलते, दुपारी डोळे अर्धे मिटून टिचकी मारते. फोटो नखाएवढे दिसतात तेवढेही बघवत नाहीत, म्हणून पडद्याच्या त्या भागावर कागद लावलाय. आजचा शेरा होता, 'वाढ मंदावली तर घरात जे मिळेल ते वापर. कल्पक हो!' उद्याचा आहे, 'आता मोठा नमुना घेऊन बघ.' शनिवारचा, 'घरातल्या मोठ्यांनाही सहभागी करून घे.' हे शेरे लिहिणाऱ्याला घरात भांडी घासायला लावलं पाहिजे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आठवड्याचा उत्तम विद्यार्थी निवडायचा होता. यंत्राने एक नाव पुढे केलं, म्हणजे नंबर. बेचाळीस. सगळ्यात जास्त वाढ, एकही दिवस खाडा नाही. बक्षीस द्यायचं तर एक फोटो तरी उघडून बघावा लागतो, हा नियम. कागद काढला आणि बघितला.

डबी दिसली नाही. डबीच्या जागी करड्या लोकरीसारखं काहीतरी फुगून आलेलं, त्याला बारीक बारीक थेंब सुटलेले. शेजारी बाईचा अंगठा. लाल नेलपॉलिश, कोपऱ्यात टवका उडालेला. नखाखालचं मांस काळपट जांभळं. मला आधी वाटलं दारात चेमटला असेल. मग आदल्या दिवसाचा फोटो काढला. त्याच्या आदल्या दिवसाचा. चार दिवस तोच अंगठा, तोच टवका, आणि जागा केसभरही हललेली नाही.

मग खालच्या ओळी वाचल्या. पहिल्यापासून. शाळेत कधी कुणी वाचल्या नसतील. उतरवून ठेवते, कारण उद्या मला वाटेल की मी हे मनाने रचलं.

'मॅडम, आज पावावर पांढरं आलं. मी फार खूश झाले.'

'मॅडम, पाव संपला. आता त्याला काय देऊ?' या दिवशी मी कल्पक हो म्हटलं होतं.

'मॅडम, चामड्याची चप्पल दिली. खाल्ली.'

'मॅडम, आजोबा अंथरुणावर असतात. त्यांच्या पायाला जखम आहे, बरीच होत नाही. मी तिथे थोडं लावलं. तिथे ओलं पण आहे आणि उबदार पण. छान वाढतंय.' या दिवशी मोठा नमुना.

'मॅडम, आई आजोबांना पुसत होती. मी तिला सांगितलं की तुम्ही मोठ्यांना घ्यायला सांगितलंय. आता आई पण आहे.'

खाली जाऊन ओकले. तीन वेळा.

बुधवार, १८ फेब्रुवारी

लोणीसाहेबांपुढे सगळं ठेवलं. त्यांनी फोटो मोठा करून, खालून वर, निवांत बघितला. हातात बिस्किट होतं, ते खातखातच. मग मला समजावू लागले की मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते, यंत्राने चित्र तपासून अठ्ठ्याण्णव टक्के बुरशी ठरवलंय, आणि पालकांचा अंगठा रोज हजर आहे. त्या अंगठ्याची अवस्था बघा, मी ओरडले. त्यांनी बिस्किटाचा चुरा पडद्यावरून पुसला आणि विचारलं की मी नीट झोपतेय ना.

पत्ता मागितला. गुप्ततेचा नियम. पोलिसांना फोन केला. तिकडचा माणूस सज्जन होता, पण त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, गल्ली विचारली. माझ्याकडे बेचाळीस हा आकडा. तक्रार लिहून घेतली म्हणाला, पण पेन उचलल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आता तिच्यापर्यंत पोचायला माझ्याजवळ फक्त चोवीस शेरे. एकेक वाचून काढला. 'थांब' कुठेही नाही. 'घराबाहेर पड' नाही. 'हात लावू नकोस' नाही. माझी जीभ कुणीतरी छाटून त्या जागी साखरेची गोळी ठेवलीय असं वाटतंय. शेवटी सतरावा निवडला: 'आज विश्रांती घे, उद्या ताज्या दमाने सुरुवात कर!'

तासाभरात ओळ आली. 'मॅडम, मी विश्रांती घेतली. त्याने नाही घेतली.'

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आजच्या फोटोतल्या अंगठ्यावर लव आली आहे. करडी. यंत्राने बरोबरची खूण दिली.

तेवीस शेरे उरलेत, एकही पाठवला नाही. माझा दिवा लाल. येणारे-जाणारे वळून बघतात, बघू देत. मी मघाशी पहिल्यांदा त्या पोरीच्या अक्षरांकडे बघितलं. टाइप केलेली अक्षरं, त्यांत बघण्यासारखं काय असणार, पण प्रत्येक ओळ 'मॅडम'ने सुरू होते. इतक्या दिवसांत तिने एकदाही 'मॅडम' गाळलं नाही. आणि मी कागद लावून बसले होते. मला स्वतःचीच शिसारी येते.

ताईशी बोलले. तिने सांगितलं की राजीनामा दे आणि गाडी पकड, परक्या पोरीसाठी जीव टांगणीला लावू नकोस. परकी कशी, तिने जे केलं ते माझं ऐकून केलं. हे ताईला सांगवलं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

खोकेवाले काका! डब्या पोस्टाने गेल्या, म्हणजे पत्ते त्यांच्याकडे असणारच. मला हे दोन दिवस सुचलं नाही, इतकी मी गांगरले होते. खाली गेले. त्यांनी आधी कानावर हात ठेवले. मग फोटो दाखवला. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले की आधीच्या बाईंनीही असाच एक पत्ता मागितला होता, नोकरी जाईल म्हणून त्यांनी दिला नाही, आणि त्या सोडून गेल्या. यावेळी त्यांनी वही काढली. बेचाळीस याच शहरात आहे. बसने पाच थांबे. मी आठवडाभर पाच थांब्यांवर बसून तिला छान छान म्हणत होते.

बेचाळीसने आज फोटो पाठवला नाही. खाली एक ओळ फक्त. 'मॅडम, अंगठा गळून पडला. आता घरात मोठं कुणी नाही. माझा चालेल का?'

मी निघतेय. ऊन आहे, दुपारचे दोन वाजलेत.

शुक्रवार, नंतर

बाहेर रस्त्याच्या कडेला बसून लिहितेय.

साधं घर. दोन पायऱ्या, कुंडी, पायपुसणं. पायरीवर ती बसली होती, मांडीवर शाळेचा टॅब. नऊ वर्षांची. तिरकस भांग, स्वतःच घातलेल्या दोन वेण्या, एक जाड एक बारीक. स्वच्छ. इतकी स्वच्छ की मी रडले. तिने मला ओळखलं, धड्यातली मॅडम म्हणून, आणि उभी राहिली. बोलली नाही. नुसती मान खाली घालून उभी, वर्गात बाई आल्यावर उभी राहतात तशी.

दार फुगून अर्धं उघडं अडकलेलं. आतून ओल्या मोज्यांचा, गोडसर वास. मी उंबऱ्यातून बघितलं. भिंतींना कमरेपर्यंत लव. पलंगावर दोन उंचवटे, एकमेकांत मिसळलेले, आणि वरचा भाग हलत होता, श्वास घेतल्यासारखा, पण तो श्वास माणसांचा नव्हता. उंबरा बुटाला चिकटत होता. मी आत पाऊल टाकलं नाही. लिहून ठेवते, मी आत गेले नाही.

या वेळी पत्ता देऊन फोन केला, पोलिस आले. एकजण आत गेला आणि बाहेर येऊन कुंडीत ओकला. मग तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, घराला सील. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे हात, नखं, केस, कान बघितले. कुठे काही नाही. बोलत नाही तो धक्का, म्हणाल्या. पोरीने माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं, सुटेना. सोमवारी सरकारी बाई येऊन नेतील, तोवर मी ठेवते का, विचारलं.

मी हो म्हणाले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आंघोळ घातली. दोनदा. माझा चांगला साबण. तिला ताप आहे वाटतं, हात निखाऱ्यासारखे. खात नाही. पाणी पुढे केलं तर मान हलवते. ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, उचलला नाही.

वेण्या नीट घातल्या. एकसारख्या. तिने आरशात बघितलं आणि डोळ्यांनी हसली.

वाचली. माझ्यामुळे अडकली होती ती वाचली. आज पहिल्यांदा जेवण पोटात राहिलं.

रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळ

टॅब तिच्याकडेच होता. काढून घ्यायला हवा होता. नाश्त्याला बसलो तेव्हा तिने काहीतरी टाइप केलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

'मॅडम, ते लोक घर बंद करणार होते. मी थोडं वाचवलं. ओलसर, उबदार, अंधारात ठेवलंय.'

कुठे, मी विचारलं.

तिने तोंड उघडलं—

रविवार. अकरा

जीभ दिसली नाही. करडं. दाढांपासून टाळूपर्यंत. आणि ते हललं, उजेडाकडे—

मी किंचाळले. ती घाबरली. स्वतःच पळाली, न्हाणीघरात, आतून दार ओढून घेतलं. बाहेरची कडी मी घातली. मी. हातांना साबण लावतेय आणि लिहितेय. वही ओली होतेय.

फोन केले. सगळ्यांना. माणसं येताहेत, दोन तास लागतील. तोवर दार उघडू नका, बाहेर पडा, घर सोडा. ताईनेही तेच ओरडून सांगितलं.

किल्ली हातात आहे. चपला घातल्यात.

साडेअकरा

ती दार वाजवतेय. जोरात नाही. एका बोटाने. तीनदा, मग थांबते, परवानगी मागितल्यासारखी.

श्वासाची शिट्टी ऐकू येते. घशात जागा उरली नसावी. मध्येच ती शिट्टी तुटते, मग परत—

दाराखालच्या फटीतून ओल येतेय. वास तोच, गोडसर. मला जमणार नाही हे. मी केळं कुजलं तरी दप्तर चिमट्याने धरणारी बाई.

बारा

बोट वाजवायचं थांबलं. ती रडतेय. आवाज नाही त्यात, नुसता हुंदक्याचा धक्का, दार थोडं थोडं हादरतं.

माणसं यायला अजून तास आहे, तेवढा तिच्याकडे नाही. चिमटा आहे, मीठ आहे, स्पिरिट आहे. जमलं तर ओढून काढीन. नाही जमलं तर निदान डोकं मांडीवर—

ताई, रागावू नकोस. मी त्या मुलीला आठवडाभर छान म्हटलं आणि एकदाही बघितलं नाही. कडी काढतेय. तिचा चेहरा माझ्याकडे आहे, तोंड उघडं आहे, आणि मी बघतेय, मान न फिरवता बघ—